उंदीरडॉक्टरांचा प्रयोग

मेलेला, फुगलेला, माशा घोंगावणारा उंदीर चिमट्यात धरून उंदीरडॉक्टर भर सराफ्यातून चालत जात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलत नसे. लोक धोतराचे सोगे नाकाला लावत, हलवाई आपल्या परातींवर घाईघाईने फडकी टाकत, आणि हे मात्र देवळातून फूल घेऊन परतावं तसे शांतपणे निघालेले. पण त्याच रस्त्यावर एखादा दुकानदार वाकून "सब आपकी किरपा है, डाक्टर साहब" असं म्हणाला की संपलं. त्यांचं नाक आक्रसे, खालचा ओठ एका बाजूला ओढला जाई आणि तोंडून "शी!" बाहेर पडे. एकदा मी त्यांना विचारलं, उंदराची किळस येत नाही आणि नमस्काराची येते, हे कसं? म्हणाले, "उंदीर कुजला की वास सुटतो, मास्तर. निदान कळतं तरी. माणसाचं खोटं कुजत नाही, हीच अडचण आहे."

पहिल्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. दर थंडीत लष्कर या आमच्या शहरात, शिंद्यांच्या राजधानीत, प्लेग येई. उंदीरडॉक्टर पुण्याकडचे, मुंबईला शिकलेले, इकडे आरोग्यखात्यात नोकरीला लागलेले. कुठल्या मोहल्ल्यात उंदीर पडू लागले हे बघायचं, तिथली घरं रिकामी करवायची, लोकांना गावाबाहेरच्या झोपड्यांत न्यायचं आणि जे तयार होतील त्यांना लस टोचायची, हे त्यांचं काम. तयार कोणी होत नसे. त्यांचं खरं नाव आम्हाला माहीत होतं, पण ते नाव फक्त तोंडावर. पाठ वळली की उंदीरडॉक्टर. त्यांना ते ठाऊक होतं. "वाईट नाही नाव," ते म्हणायचे. "उंदीर प्रामाणिक असतो. जिथे आजार, तिथेच पडतो. कोणाच्या शब्दाखातर दुसरीकडे जाऊन मरत नाही."

आमचं घर शिंदे की छावनीत. घराणं फौजेतलं. आजोबा पागेत होते, वडील पलटणीत. मी मात्र शाळेत मास्तर झालो आणि संध्याकाळी दक्षिणी, म्हणजे इथल्या मराठी, मंडळींच्या नाटक मंडळात रमलो. डॉक्टर पहिल्यांदा आमच्या दारात आले ते पत्र्याची पेटी घेऊन. आईने उंबरठ्यातच अडवलं. "सुईत काय काय असतं ते मालूम आहे आम्हाला," ती म्हणाली. "आधी स्वतःला टोचा." त्यांनी शांतपणे बाही वर केली आणि दंडावरचे व्रण दाखवले. आईने ते पाहिले, नीट पाहिले, आणि दार लावून घेतलं. मी ओशाळून मागच्या दाराने त्यांच्यामागे गेलो. "माफी मागू नका," ते म्हणाले. "तुमच्या आईंनी दार तोंडावर लावलं, हे स्वच्छ काम झालं. पलीकडच्या वकिलांनी मला सरबत पाजलं, शास्त्राची स्तुती केली आणि घरातली तापाची पोरगी माळ्यावर लपवली. शी!"

त्या वर्षी आमच्या मंडळाच्या एका पौराणिक नाटकाला ते आले. कोणीतरी बळेच आणलं होतं. शेवटी नायिका मरते तेव्हा चिकाच्या पडद्यामागे बायकांचे हुंदके सुरू झाले, पुढच्या खुर्च्यांवरचे फेटेवालेही डोळे टिपू लागले. पडदा पडल्यावर डॉक्टर थेट आत आले. आम्ही तोंडाचा रंग पुसत होतो. ते म्हणाले, "बाहेर जे रडतायत ना, त्यातल्या निम्म्यांच्या घरात मी मेलेली माणसं बघितली आहेत. ती लपवताना यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तुम्ही लोक काय करता यांना?" आम्हाला ही स्तुती की शिवी ते कळेना. मग म्हणाले, "माझ्या आणि तुमच्या धंद्यात एक शब्द सारखाच आहे. प्रयोग. माझा एक प्रयोग तुम्ही कराल का?"

पुढच्या गणपतीसाठी त्यांनी स्वतः नाटक लिहून आणलं. गोष्ट साधी होती. एका शहरात एका धनिकाचं धान्याचं गोदाम असतं. त्यात उंदीर पडू लागतात. धनिक गोदामाला कुलूप घालतो, ओरड होऊ देत नाही. गोदामामागच्या घरातल्या एका तरुण बाईला गाठ येते. डॉक्टर दारोदार फिरून सांगतो, गोदाम उघडा. कोणी ऐकत नाही आणि बाई मरते. डॉक्टरचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे मला त्यांचंच काम करायचं होतं, आणि म्हणूनच मी त्यांना इतकं जवळून पाहिलं. ते चष्मा कसा पुसतात, नाडी बघताना डोळे कुठे ठेवतात, चिडले की उजवा खांदा कसा वर जातो, सगळं मी टिपून घेत होतो. त्यांच्या ते लक्षात आलं. "माझी नक्कल करू नका," ते म्हणाले. "मी काय बघतो ते येऊन बघा."

असं म्हणून ते मला गावाबाहेरच्या प्लेगच्या झोपड्यांकडे घेऊन गेले. भर दुपार होती. थंडी सरली तरी तिथे काही रोगी उरलेले होते. पहिल्या झोपडीत शिरलो आणि त्या वासाने दारातच थबकलो. एक म्हातारा खाटेवर पाय फाकवून पडला होता, जांघेतली गाठ फुटलेली. डॉक्टर त्याच्याशेजारी बसले, स्वतःच्या हाताने त्याचं तोंड पुसलं, चमच्याने पाणी घातलं. तो काहीतरी बोबडं बोलला. डॉक्टर कान देऊन ऐकत राहिले, जणू दरबारातला कोणी सल्ला देतोय. मी बाहेर पळालो. मागून त्यांचा आवाज आला, "ओकून घ्या, मास्तर. पण लांब जाऊन. त्याला दिसता कामा नये." परत आत गेलो तेव्हा ते मला हळूच म्हणाले, "ही घाण नाही. हा आजारी माणूस आहे. घाण कुठे आहे ती नाटकात लिहिलीय." त्या दुपारनंतर मला त्यांचं काम करणं जमू लागलं.

खरी लढाई झाली ती बापूरावांशी. बापूराव आमच्या मंडळाचे गाणारे नट. स्त्रीभूमिका त्यांच्याच. ख्यालाची तालीम घेतलेला गळा, आणि लष्करातली दक्षिणी मंडळी त्या गळ्यासाठीच तिकीट काढायची. मरणाऱ्या तरुण बाईचं काम अर्थातच त्यांच्याकडे होतं.

"डॉक्टरसाहेब, मरायच्या आधी एक भैरवी तर पाहिजे ना," पहिल्याच तालमीत बापूराव म्हणाले.

"प्लेगचा रोगी गात नाही."

"मग काय करतो?"

"जीभ जड होते. दारू प्यायल्यासारखा बोलतो. एक शब्द धरायला जातो, भलताच निघतो."

"लोक माझं गाणं ऐकायला येतात. बोबडं ऐकायला त्यांच्या घरी पोरं आहेत."

डॉक्टरांचं नाक आक्रसलं, बापूरावांनी शालू खाली टाकला आणि तालीम तिथेच संपली. काही दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी डॉक्टर आले, जरा अवघडून बसले आणि म्हणाले, "पहिल्या अंकात तुम्ही बाळाला अंगाई म्हणता. शेवटी तीच म्हणायला जा. पण म्हणता येणार नाही."

बापूरावांनी थोडा विचार केला. पेटीवाल्याला खूण केली. डोळे मिटून त्यांनी अंगाई धरली. दोन ओळी नेहमीसारख्या गोड गेल्या. तिसऱ्या ओळीत जीभ अडखळली. सूर बरोबर होता, शब्द मात्र फुटला. पुन्हा धरला, पुन्हा भलताच निघाला. सूर थोडा वेळ एकटाच तरंगत राहिला, नुसता, शब्दावाचून, आणि मग तोही खाली घसरला. पेटीवाल्याने भात्यावरचा हात काढला. बापूराव डोळे उघडून कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "हे फार अवघड आहे हो. बेसूर होणं सोपं. सुरात राहून शब्द घालवायचा म्हणजे जीव जातो."

"तसाच जातो," डॉक्टर म्हणाले. आणि चष्मा पुसायला बाहेर गेले. चष्मा स्वच्छच होता.

आमच्या मंडळाला आश्रय एका सरदारसाहेबांचा. मांडव त्यांचा, गॅसबत्त्या त्यांच्या, पाहुण्यांच्या खुर्च्या त्यांच्या. दाल बाजारात त्यांचं धान्याचं मोठं गोदाम होतं आणि त्या गोदामात उंदीर पडत होते. तिथले पल्लेदार, म्हणजे पोती वाहणारे हमाल, हे डॉक्टरांना केव्हाच सांगून गेले होते. डॉक्टर कितीतरी दिवस किल्ली मागत होते. आज मुनीम गावी गेलाय, आज ग्रहण आहे, आज सरदारसाहेब शिकारीला गेलेत, अशी उत्तरं मिळायची, आणि प्रत्येक उत्तराबरोबर चांदीच्या तबकात विडा. ही गोष्ट आम्हाला कळली तेव्हा मंडळाच्या चिटणीसांचा चेहरा पांढरा पडला. "डॉक्टरसाहेब, हे जे गोदाम आहे नाटकात..."

"नाटकात गोदाम कुणाचं ते लिहिलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "ज्याचं असेल त्याला कळेल."

कळलंच. सरदारसाहेब एका तालमीला आले. अत्तराचा घमघमाट, बोटांत अंगठ्या, बोलणं लोण्यासारखं. सगळी तालीम त्यांनी मान डोलावत ऐकली. अंगाईच्या जागी तर डोळ्यांना रुमालही लावला. मग म्हणाले, "वा! फारच उत्तम. आता थोडं गोड करून टाका. गणपतीचा मांडव आहे. तिथे उंदीर मेलेला दाखवायचा? वाहन आहे ते देवाचं. आणि शेवटी बाई मरून कसं चालेल? त्या धनिकाला पश्चात्ताप होऊ द्या. तो गणपतीचं तीर्थ आणेल, बाई उठून बसेल, बापूराव भैरवी गातील. डॉक्टरने हात जोडायचे. शास्त्र आपलं, गाणं यांचं, मांडव आमचा. तिघांनी मिळून देवाचं काम करायचं, बस."

"उंदीर मारायला कोण सांगतंय?" डॉक्टर म्हणाले. "तो आधीच मेलाय. तुमच्या गोदामात."

पेटीवाल्याने खाली बघितलं. चिटणीसांना घाम फुटला. मला वाटलं, आता हे भडकणार. पण सरदारसाहेब हसले. अगदी प्रेमाने, वडीलधाऱ्याने लाडक्या पोराकडे बघून हसावं तसे. डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कलावंत आहात हो तुम्ही!" आणि निघून गेले. झोपड्यांतल्या वासाने मी ओकलो होतो. पण त्या हसण्याने जे झालं ते ओकूनही गेलं नाही. आजही आठवलं की तोंड कडू होतं.

चिटणीसांनी शेवट बदलला. डॉक्टरांना न विचारता नवी पानं आमच्या हातांत दिली. मी भांडलो, काम सोडतो म्हणालो. "तुला काय होतंय बोलायला!" ते ओरडले. "सरदारसाहेब नाराज झाले तर मांडव उखडला जाईल. मग कर तुझं शास्त्र रस्त्यावर!" मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती पानं वाचली, दोन बोटांत धरून मला परत दिली आणि पाणी मागवून हात धुतले. मला वाटलं होतं, ते नाटकच बंद करायला सांगतील. ते म्हणाले, "काम सोडू नका. शेवटचं पान त्यांचं असेल. आधीची तुमची आहेत. तेवढी नीट म्हणा."

प्रयोगाला मांडव भरला होता. पुढे खुर्च्यांवर सरदारसाहेब आणि मानकरी, चिकामागे बायका, आणि अगदी मागे जमिनीवर गोदामाचे पल्लेदार. मांडव उभारायला त्यांना आणलं होतं, ते नाटक बघायला थांबले. मराठी त्यांना अर्धीमुर्धी कळे. डॉक्टर एका कडेला खांबाशी उभे होते.

शेवटचा प्रवेश आला. बापूराव खाटेवर. अंगाई अडखळली, शब्द फुटले, सूर घसरला. नव्या पानाप्रमाणे धनिक तीर्थाचं पंचपात्र घेऊन आला, दोन पळ्या त्यांच्या तोंडात घातल्या आणि मागे सरला. आता बापूरावांनी उठून बसायचं होतं. पेटीवाल्याने भैरवीचा सूर दिला. बापूराव उठले नाहीत. पेटीवाल्याने पुन्हा सूर दिला. ते पडूनच होते, तोंड किंचित उघडं, तीर्थ गालावरून ओघळत होतं. विंगेतून चिटणीस दबक्या आवाजात ओरडत होते, "उठा! अहो, उठा!" धनिकाचं काम करणारा नट गोंधळून माझ्याकडे बघू लागला. हात जोडून म्हणायचं भाषण माझ्या तोंडाशी होतं, पण बाई तर मेलेली. मी खाली बसलो आणि झोपडीत डॉक्टरांनी करताना पाहिलं होतं तसे तिचे डोळे मिटले. पडदा पडला.

टाळ्या नाहीत, हुंदकेसुद्धा नाहीत. एवढ्या माणसांचा मांडव, पण गॅसबत्तीची सूं सूं ऐकू येत होती.

आत चिटणीस बापूरावांवर तुटून पडले. बापूराव कुंकू पुसत शांतपणे म्हणाले, "ठरवून नाही केलं हो. उठताच येईना. तसं मेल्यावर कोणी उठून गायला लागलं असतं, तर पहिला मीच हसलो असतो." डॉक्टर आले. बापूरावांच्या समोर उभे राहिले. त्यांना स्तुती करायची सवय नव्हती. शेवटी म्हणाले, "सगळं बरोबर होतं." बापूरावांना आयुष्यात खूप वाहवा मिळाली, पण ही तीन शब्दांची पावती ते म्हातारपणापर्यंत सांगत असत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मला म्हणाली, "चल, कुठे आहे तो तुझा सुईवाला? मला नाही त्या बापूसारखं बोबडं होऊन मरायचं." तिच्याबरोबर आमच्या गल्लीतल्या आणखी बायका निघाल्या, डोक्यावरून पदर ओढून, एकमेकींना धरून. डॉक्टर दिवसभर टोचत होते. संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, प्रयोग यशस्वी झाला. ते म्हणाले, "गोदाम उघडलं का?"

गोदाम उघडलं नव्हतं. उलट झालं ते असं. सरदारसाहेब रागावतील असं सगळ्यांना वाटत होतं, पण गावात नाटकाची वाहवा होते आहे हे कळताच त्यांनी विसर्जनाच्या आधी त्याच मांडवात डॉक्टरांचा सत्कार ठेवला. ही कल्पना आपल्याच मनात कैक दिवस घोळत होती, असं भाषण केलं. शास्त्र आणि कला या दोन बहिणी असून राजाश्रय हा त्यांचा भाऊ, असंही म्हणाले. मग स्वतःच्या हातांनी डॉक्टरांच्या खांद्यावर शाल घातली.

डॉक्टरांनी शाल काढली. नीट घडी घालून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "शाल नको. किल्ली द्या."

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला.

लोकांना वाटलं, हे नाटकातलंच वाक्य आहे. कोणीतरी मागून "वन्स मोअर!" ओरडलं. डॉक्टर गडबडले. हात वर करून म्हणाले, "ऐका. मी नाटक करत नाही. दाल बाजारातल्या गोदामात उंदीर मरून पडलेत. मागच्या गल्लीत माणसं राहतात. मला त्या गोदामाची किल्ली पाहिजे." टाळ्या आणखी वाढल्या. पहिली टाळी सरदारसाहेबांची होती. त्यांनी डोळ्यांना रुमालही लावला. मी त्या सगळ्या चेहऱ्यांकडे बघत होतो. विद्वान, वकील, मानकरी, माझे ओळखीचे, चांगले म्हणून मानलेले. सगळे प्रसन्न. सत्य ऐकून माणसं इतकी प्रसन्न होऊ शकतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्या चेहऱ्यांची जी शिसारी बसली ती पुढे कधी पुरती गेली नाही.

डॉक्टर खाली उतरून मांडवाच्या मागे गेले. मी मागोमाग गेलो. बांबू धरून ते ओकत होते. वर्षानुवर्षं कुजके उंदीर हातात धरणारा माणूस. मी पाणी दिलं. तोंड धुऊन ते एवढंच म्हणाले, "बायका रडल्या नाहीत, सुई घ्यायला आल्या. हे रडले. यांचं काम झालं."

महिनाभरात त्यांची बदली श्योपूरकडे झाली, जंगलातल्या एका दवाखान्यावर. आमच्या चिटणीसांनी नाटक बदललेल्या शेवटासह फूलबागेत बड्या पाहुण्यांपुढे करायचं ठरवलं. बापूराव म्हणाले, "एकदा मेलो ते मेलो. आता उठणार नाही." त्यांनी मंडळ सोडलं, मीही सोडलं. दुसऱ्या कोणी बाईचं काम केलं, तीर्थ पिऊन उठून भैरवी म्हटली आणि म्हणे तिला खूप टाळ्या पडल्या.

थंडी पडली आणि गोदामामागच्या गल्लीत माणसं मरू लागली. आधी एका पल्लेदाराची बायको, मग तिचा दीर, मग शेजारचे. एके दिवशी सकाळी पल्लेदारांनी पोती उचलायचे आकडे घेऊन गोदामाचं कुलूप तोडलं. बातमी कळली तसा मी धावलो. दार उघडल्यावर जो भपकारा आला त्याने अर्धा दाल बाजार मागे हटला. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये उंदीर पडले होते, सुकलेले, फुगलेले, एकमेकांना चिकटलेले, आणि वरच्या पोत्यांवर विक्रीच्या ताज्या खुणा होत्या. पल्लेदारांनी तोंडाला फडकी बांधून सगळं मैदानात ओढलं, रॉकेल ओतलं आणि पेटवून दिलं. कोतवालीतले शिपाई आले. पल्लेदारांचा मुकादम हरप्रसाद म्हणून होता. त्याला विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून तोडलं? तो म्हणाला, "डाक्टर साहब ने सबके सामने चाबी माँगी थी। सब बाबू लोग ताली बजाने लगे। हमने सोचा, इनसे तो होगा नहीं।"

त्यांना पकडून नेलं आणि दोन दिवसांनी सोडून दिलं. सगळा बाजार तो वास घेऊन बसला होता, खटला चालवणं सरदारसाहेबांनाच परवडणारं नव्हतं.

मी छोट्या रेल्वेने श्योपूरकडे गेलो. डॉक्टर दवाखान्याच्या ओट्यावर बसले होते, दाढी वाढलेली. मी सगळं सांगितलं. कुलूप, उंदीर, होळी, हरप्रसादचं उत्तर. मला वाटलं होतं ते खूश होतील. त्यांनी एकच विचारलं, "उंदीर उचलणाऱ्यांना टोचलं का?"

"नवे डॉक्टर म्हणतात, त्या गल्लीत जायचा हुकूम नाही."

ते उठले, आत गेले, पेटी घेऊन बाहेर आले. रजेचा अर्ज केला नाही, कोणाला विचारलं नाही. लष्करात पोचलो ते सरळ त्या गल्लीत. दिवसभर एका तुटक्या खाटेवर बसून त्यांनी त्या गल्लीतल्या प्रत्येकाला लस टोचली. ज्यांना आधीच ताप होता त्यांना झोपड्यांत नेलं, काही जगले, काही नाही. नेमणुकीची जागा परवानगीवाचून सोडली म्हणून त्यांची नोकरी गेली.

ते मुंबईच्या गाडीने निघाले तेव्हा पोचवायला बापूराव, मी आणि हरप्रसाद एवढेच होतो. पेटी हरप्रसादने डब्यात ठेवली. गाडी सुटायला अवकाश होता. बापूरावांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, पुन्हा लिहाल का नाटक?"

"लिहीन. पण टाळ्या वाजवायला जागा ठेवणार नाही."

"तसं नाटक बघायला कोण येणार?"

"जमिनीवर बसतात ते," डॉक्टर म्हणाले. गाडी हलली. ते खिडकीतून हात वगैरे करणारे नव्हते. पेपर उघडून वाचत बसले.

पुढे ते कुठल्याशा दक्षिणेतल्या गावी गेले असं ऐकलं. मग काहीच ऐकलं नाही. नाटक लिहिलं की नाही, कोणी सांगू शकलं नाही.

पण पुढच्या वर्षी, थंडी सुरू व्हायच्या आधी, मी आणि बापूरावांनी त्यांचं नाटक मोडक्यातोडक्या हिंदीत बसवलं आणि दाल बाजाराच्या मागच्या गल्लीत, दिवसाउजेडी, भुईवर केलं. पडदा नव्हता, पेटीवाला नव्हता. बापूरावांनी अंगाई धरली आणि शब्द घालवला. नाटकातली बाई मेल्यावर मी तिचे डोळे मिटले आणि आम्ही थांबलो. कोणी टाळी वाजवली नाही. लोक नुसते बसून होते. मग मागच्या रांगेतली एक म्हातारी गुडघ्यांवर हात देऊन उठली आणि मला म्हणाली, "बाबू, सुई वाले कब आएँगे?"

मी म्हटलं, "कल." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेत न जाता, नव्या डॉक्टरांच्या दारात जाऊन बसलो. ते बाहेर येऊन "चला" म्हणेपर्यंत उठलो नाही.